पुसून टाकता येईल असं मशीन

नमस्कार. डेव्हस्टॅक म्हणजे ओपनस्टॅक हा क्लाउड प्लॅटफॉर्म एका मशीनवर उभा करणारी स्क्रिप्ट. तिच्या कागदपत्रांत अगदी सुरुवातीलाच एक इशारा आहे: ही स्क्रिप्ट तुमच्या सिस्टिममध्ये मोठे बदल करते, तेव्हा ती याच कामासाठी राखून ठेवलेल्या सर्व्हरवर किंवा व्हर्च्युअल मशीनवरच, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरवरच, चालवा. नवीन आलेली मुलं हा इशारा वाचतात, मान डोलावतात आणि रोजच्या वापराच्या उबुंटू लॅपटॉपवर ती चालवून मोकळी होतात. मग नेटवर्कचे ब्रिज भलतेच दिसायला लागतात, अपाचेच्या सेटिंग बदललेल्या असतात, नको तो डेटाबेस सतत चालू राहतो, आणि आधीचा लॅपटॉप काही परत मिळत नाही. आजचा विषय या इशाऱ्यातूनच निघतो. ओपनस्टॅकसारख्या क्लाउड प्लॅटफॉर्मच्या कोडवर काम करायचं, तर त्यासाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन लागतं आणि ते एका कमांडने उभं राहायला हवं. माझं म्हणणं त्याच्याही एक पाऊल पुढे आहे. ते मशीन कुठल्याही दिवशी, कुठल्याही क्षणी पुसून टाकता आलं पाहिजे. पुसताना तुमचा हात अडखळत असेल, तर ऑटोमेशन अजून अर्धंच झालंय असं समजा.

ओपनस्टॅकची ओळख थोडक्यात करून देतो. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली हा प्रकल्प सुरू केला. नासाच्या नेब्युला प्रकल्पातून नोव्हा आलं, रॅकस्पेसकडून स्विफ्ट आलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ऑस्टिन नावाची पहिली आवृत्ती निघाली. आज साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे एक सॉफ्टवेअर नाही, एकमेकांशी बोलणाऱ्या सेवांचा समूह आहे. ओळख पटवायला कीस्टोन, इमेज ठेवायला ग्लान्स, व्हर्च्युअल मशीन चालवायला नोव्हा, कुठे किती जागा शिल्लक आहे याचा हिशेब ठेवायला प्लेसमेंट, नेटवर्कला न्यूट्रॉन, डिस्कला सिंडर, आणि ब्राउझरमधून बघायला होरायझन. खाली मायएसक्यूएल आणि निरोप इकडून तिकडे पोचवायला रॅबिटएमक्यू. नोव्हात दहा ओळी बदलायच्या असल्या तरी यातलं बहुतेक सगळं चालू लागतं, कारण तुमच्या दहा ओळी बरोबर आहेत का हे बाकीच्यांशी बोलल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं एका मशीनवर उभं करणारी स्क्रिप्ट म्हणजे डेव्हस्टॅकमधली स्टॅक डॉट एसएच. माझी विनंती आहे की ती चालवण्याआधी एकदा वाचा. साधं शेल आहे, आणि भरपूर कॉमेंट लिहिलेल्या आहेत. कोणती सेवा आधी उठते, कोणती कोणावर अवलंबून आहे, कोणाचा पासवर्ड कुठल्या फाईलमध्ये जातो, हे क्रमाने समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. कागदपत्रांच्या अंदाजाने तिला १५ ते ३० मिनिटं लागतात, आणि तेही इंटरनेटच्या वेगावर ठरतं. ही वाट बघायला लागते म्हणूनच लोक एकदा चाललेलं मशीन महिनोन्‌महिने जपून ठेवतात. त्यात हाताने बदल करतात, ते बदल कुठेही लिहून ठेवत नाहीत, आणि मग ‘माझ्याकडे तर चालतं’ हे वाक्य जन्माला येतं.

आता स्टॅक डॉट एसएच काय करत नाही ते बघू, कारण आपलं काम तिथेच आहे. व्हर्च्युअल मशीन ती बनवत नाही. रॅम किती, प्रोसेसर किती, नेटवर्क कार्ड किती, हे तिला सांगता येत नाही. स्टॅक नावाचा युजर, त्याचं ऑप्ट-स्टॅक हे होम, पासवर्डशिवाय अ‍ॅडमिनचे अधिकार देणारं सुडो, डेव्हस्टॅकच्या कोडची प्रत म्हणजे क्लोन, आणि सेटिंगची लोकल डॉट कॉन्फ ही फाईल, एवढं सगळं तिच्या आधी तयार असावं लागतं. मी यासाठी व्हेग्रंट वापरतो. एका व्हेग्रंटफाईलमध्ये मशीनचं वर्णन असतं, ‘व्हेग्रंट अप’ म्हटलं की ते उभं राहतं, ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ म्हटलं की जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेग्रंट बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने त्यांच्या उत्पादनांचं लायसन्स बदलल्यापासून काहींनी दुसरी साधनं धरली आहेत. धरायला हरकत नाही, मी सांगतोय ते साधनाला चिकटलेलं नाही.

पहिला अडथळा युजरचा. व्हेग्रंट तुमची शेल स्क्रिप्ट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालवतं, आणि स्टॅक डॉट एसएच रूट म्हणून चालायला सरळ नकार देते. म्हणून स्क्रिप्टचे दोन भाग ठेवा: पहिला रूटचा, ज्यात युजर, सुडो आणि फोल्डर होतात, दुसरा स्टॅक युजर होऊन चालणारा. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम ७५० परवानगीने तयार होतं, त्यामुळे बाहेरच्या सेवांना आत शिरता येत नाही. ऑप्ट-स्टॅकला ‘सीएचमोड प्लस एक्स’ ही एक ओळ लागते. ही ओळ हाताने टाइप केली तर तुम्ही ती विसरून जाल, आणि तुमच्यानंतर येणारा तिच्यापायी दुपार घालवेल. स्क्रिप्टमध्ये लिहिली, आणि तिच्यावर कारण सांगणारी एक कॉमेंट लिहिली, की ती टीमची होते.

स्क्रिप्टच्या वरच ‘सेट मायनस ई’ लिहा. म्हणजे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. स्टॅक डॉट एसएच स्वतः हे पाळते. नाहीतर गिट क्लोन फसतं, स्क्रिप्ट तशीच पुढे जाते, आणि एरर येतो वीस मिनिटांनी, भलत्याच सेवेच्या नावाने.

आता पत्त्याच्या भानगडीवर थोडं थांबतो, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर व्हेग्रंटने बनवलेल्या मशीनचं पहिलं नेटवर्क कार्ड नॅट, म्हणजे लॅपटॉपच्या पत्त्यामागे लपलेलं, असतं आणि त्याला पत्ता मिळतो १०.०.२.१५. प्रत्येक मशीनला हाच, तुमच्याही आणि शेजारच्याच्याही. होस्टचा पत्ता तुम्ही सांगितला नाहीत तर डेव्हस्टॅक डीफॉल्ट रूटवरचं कार्ड बघून तोच उचलतं, आणि कीस्टोनच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक सेवेचा पत्ता म्हणून तोच लिहिला जातो. मशीनच्या आत सगळं व्यवस्थित चालतं. बाहेर लॅपटॉपवरून क्लायंट चालवलात की कीस्टोन म्हणतं, नोव्हा १०.०.२.१५ वर आहे, आणि लॅपटॉपला तो पत्ता कुठे सापडतच नाही. दोन मशीन उभी करून दुसऱ्यावर फक्त कम्प्यूट, म्हणजे मशीन चालवणारा नोव्हाचा भाग, चालवायचा असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण दोघंही स्वतःला १०.०.२.१५ म्हणवतात. उपाय दोन ओळींचा आहे. व्हेग्रंटफाईलमध्ये ठरावीक पत्त्याचं एक खासगी नेटवर्क द्या, समजा १९२.१६८.५६.१०, आणि तोच पत्ता लोकल डॉट कॉन्फमध्ये होस्ट आयपी म्हणून लिहा. लिहा म्हणजे हाताने नाही. पत्ता एकाच जागी ठेवा आणि लोकल डॉट कॉन्फ स्क्रिप्टनेच तयार होऊ द्या. दोन जागी लिहिलेली माहिती एक ना एक दिवस वेगळी होतेच.

लोकल डॉट कॉन्फमध्ये चार पासवर्ड लागतात: अ‍ॅडमिन, डेटाबेस, रॅबिट आणि सर्व्हिस. त्यात फक्त अक्षरं आणि अंक वापरा. डेटाबेसचा पासवर्ड जोडणीच्या पत्त्यात घातला जातो, तिथे अ‍ॅटचं चिन्ह आलं की पुढचं सगळं चुकीचं वाचलं जातं. आणि हे पासवर्ड सोपे असणार, म्हणून हे मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर उघडं ठेवू नका.

दुसरी गोष्ट केव्हीएमची, म्हणजे प्रोसेसरच्या मदतीने व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवण्याच्या लिनक्समधल्या सोयीची. आपण लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन बनवतो, त्यात क्लाउड चालवतो, आणि त्या क्लाउडने आणखी एक व्हर्च्युअल मशीन बनवावं अशी अपेक्षा करतो. हे वेगाने व्हायला आतल्या मशीनला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय दिसली पाहिजे. इंटेलवर प्रोसेसरच्या माहितीत व्हीएमएक्स दिसतं, एएमडीवर एसव्हीएम. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय एएमडीसाठी ६.० पासून आणि इंटेलसाठी ६.१ पासून आली, आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. नसली तर डेव्हस्टॅक थांबत नाही. क्यूईएमयूवर, म्हणजे सगळं सॉफ्टवेअरनेच करणाऱ्या संथ पद्धतीवर, जातोय असा एक इशारा लॉगमध्ये टाकतं आणि पुढे चालू लागतं. हजारो ओळींच्या लॉगमध्ये तो कोण वाचणार? परिणाम एवढाच दिसतो की आतलं मशीन बूट व्हायला खूप वेळ घेतं, टेस्ट वेळेच्या मर्यादेत बसत नाहीत, आणि माणूस आपल्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये ही तपासणी सगळ्यात आधी असते: डेव्ह-केव्हीएम ही फाईल नसेल तर काय करायचं ते सांगून तिथेच थांब. ज्याला खरंच क्यूईएमयूवर चालवायचंय त्याने तसं लेखी सांगावं, लोकल डॉट कॉन्फमध्ये.

रॅमचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. ओपनस्टॅकच्या टेस्टसाठी जी मशीन वापरतात ती साधारण ८ जीबीची असतात, आणि आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा अख्खा लॅपटॉपच ८ जीबीचा असतो. अशा वेळी लागत नाहीत त्या सेवा बंद करा. नोव्हाच्या शेड्युलरवर काम करताना होरायझन कशाला? सिंडर कशाला? ‘डिसेबल सर्व्हिस’च्या ओळी लोकल डॉट कॉन्फमध्ये घाला. गिटची खोली १ ठेवली, म्हणजे कोडचा जुना इतिहास घेतला नाही, तर डाउनलोडही आटोपशीर होतं. तरीही जमत नसेल तर लॅबमधला जुना डेस्कटॉप किंवा भाड्याचं क्लाउड मशीन घ्या आणि तीच स्क्रिप्ट क्लाउड-इनिटला द्या. क्लाउड-इनिट पहिल्या बूटच्या वेळी युजर-डेटामध्ये दिलेलं काम करतं. काय झालं ते बघायला व्हार-लॉगमध्ये त्याची आउटपुटची फाईल असते. लॅपटॉपसाठी एक स्क्रिप्ट आणि क्लाउडसाठी दुसरी, असं मात्र करू नका.

आता पुसण्याबद्दल. डेव्हस्टॅकचं मशीन रीबूटनंतर जसंच्या तसं उभं राहावं यासाठी बनवलेलंच नाही. साधं उदाहरण घ्या. बीआर-ईएक्स या ब्रिजला स्क्रिप्टने दिलेला पत्ता रीबूटनंतर राहत नाही, आणि बाहेरून आतल्या मशीनला जाणारी वाट बंद होते. लोक मग तो पत्ता हाताने परत देतात, मग पुढचं काहीतरी दुरुस्त करतात, आणि दोन तासांनी जे मशीन उरतं त्यावर पास झालेल्या टेस्टला फारसा अर्थ नसतो. त्यापेक्षा पुसा आणि नव्याने उभं करा. दिवसभरात अनेकदा मूळ स्थितीला यायचं असेल तर स्टॅक डॉट एसएच संपल्यावर व्हेग्रंटचा स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नक्कल, घ्या. तो आठवडाभर ठेवा, फार जुना होऊ देऊ नका.

पुसायची भीती वाटते ती एकाच कारणाने: आपला कोड आत असतो. ऑप्ट-स्टॅक-नोव्हामध्ये केलेले बदल मशीनबरोबर जाणार. तेव्हा आत असं काहीही ठेवायचं नाही जे बाहेर कुठे नाही. कोड ब्रँचवर ढकला, किंवा गेरिट या कोड तपासण्याच्या साइटवर पॅच, म्हणजे तुमचा बदल, टाका. डेव्हस्टॅकची एक फार सुंदर सोय आहे: नोव्हाचं रेपो आणि ब्रँच लोकल डॉट कॉन्फमध्ये देता येते, आणि ब्रँचच्या जागी गेरिटवर रिव्ह्यूत असलेल्या पॅचचा संदर्भही चालतो. म्हणजे सहकाऱ्याचा पॅच तपासायचा तर एक ओळ बदलायची, मशीन पुसायचं, उभं करायचं. त्याचा बदल स्वच्छ मशीनवर चालतो की नाही हे लगेच कळतं.

काल चाललं आणि आज चालत नाही, असंही होतं, कारण मास्टर ब्रँच रोज हलते. पायथनच्या लायब्ररींसाठी ओपनस्टॅकने याची तजवीज केली आहे. अपर-कन्स्ट्रेंट्स नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक लायब्ररीची नेमकी व्हर्जन लिहिलेली असते, आणि नवी व्हर्जन टेस्टमधून गेल्यावरच तिथे येते. तुमच्या मशीनच्या बाबतीत तोच विचार करा. बेस बॉक्सची, म्हणजे व्हेग्रंट ज्या तयार इमेजवरून मशीन बनवतं तिची, व्हर्जन लिहून ठेवा. दुरुस्तीचं काम स्थिर आवृत्तीवर असेल तर डेव्हस्टॅकचीही तीच स्थिर ब्रँच घ्या. मास्टरवर असाल तर हलणार हे गृहीत धरा, आणि मोडलं तर पहिल्यांदा गेरिटवर इतरांचे पॅच पास होताहेत का ते बघा.

कारण तिथे प्रत्येक पॅचसाठी हेच चाललेलं असतं. पॅच आला की झूल ही टेस्ट चालवणारी यंत्रणा नवं मशीन मागवते, त्यावर डेव्हस्टॅक चालतं, मग टेम्पेस्ट या ओपनस्टॅकच्या टेस्ट-संचातल्या टेस्ट होतात, लॉग बाहेर काढून ठेवले जातात आणि मशीन फेकून दिलं जातं. कोणीही ते जपत नाही. या मशीन क्लाउड कंपन्यांनी प्रकल्पाला दिलेल्या साधनांवर चालतात. जगभरातले हजारो विकसक एकमेकांना न भेटता एवढ्या मोठ्या कोडवर काम करू शकतात, त्यामागे ही फेकून देण्याची शिस्त आहे असं मला मनापासून वाटतं. पुण्यात किंवा साताऱ्यात बसलेल्या मुलीच्या पॅचला आणि मोठ्या कंपनीच्या जुन्या माणसाच्या पॅचला तिथे तेच कोरं मशीन मिळतं. तुमच्या लॅपटॉपवरचं मशीन जितकं त्याच्यासारखं असेल, तितके तुमचे पॅच पहिल्या फेरीत पास व्हायची शक्यता जास्त.

राहिलं शेवटचं काम, जे बहुतेक स्क्रिप्टमध्ये नसतं. स्टॅक डॉट एसएच संपली, होरायझनचा पत्ता आणि अ‍ॅडमिन, डेमो ही नावं स्क्रीनवर आली, म्हणजे क्लाउड चालतं असं धरू नका. स्क्रिप्टने स्वतः एक मशीन बनवून बघायचं. डेव्हस्टॅकबरोबर सिरॉस नावाची छोटी इमेज येते, ती याच कामासाठी आहे. तिच्यावरून सर्व्हर बनवा, सिक्युरिटी ग्रुपमध्ये पिंग आणि एसएसएच मोकळं करा, फ्लोटिंग आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा पत्ता, लावा, बाहेरून पिंग करा, सिरॉस युजरने आत शिरून एक कमांड चालवा, आणि सर्व्हर काढून टाका. यातली कुठलीही पायरी फसली तर त्या सर्व्हरचा कन्सोल लॉग काढून लॅपटॉपवर उतरवा आणि स्क्रिप्ट एररने संपवा. लॉग आधी बाहेर काढायचा, मग मशीन पुसायचं. हा क्रम उलटा झाला तर काय बिघडलं ते शोधायला हातात काहीच उरत नाही.