खर्रा: एका पन्नीत दोन व्यसनं

[नागपूर, बर्डी. सकाळ. पानठेल्याची फळी उघडते.]

ठेल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक चहाच्याही आधी येतं. "भाऊ, एक घोटून दे. चुना कमी."

आता हात बघा. प्लास्टिकच्या पन्नीचा चौकोन. त्यावर कातरलेली सुपारी. पुडीत जास्त वाटा तिचाच. मग तंबाखू, आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढा ओला चुना. पन्नी दुमडायची, दाबून धरायची आणि रगडायची. आवाज ऐका. आधी सुपारी कडकड वाजते. मग चुना तिच्या खडबडीत कडांना लागतो, तंबाखू चिकटते आणि आवाज मऊ होत जातो. घोटणं कमी पडलं तर एखाद्या चिमटीत चुना जास्त येतो, गाल पोळतो आणि गिऱ्हाईक उद्या पलीकडच्या ठेल्यावर दिसतं.

[जवळून: चुन्याची डबी.]

चुना चवीपुरता, असं सगळे म्हणतात. त्याचं खरं काम वेगळं आहे. तंबाखूतलं निकोटिन आम्लात बांधलेलं असेल तर गालाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 8 च्या आसपास गेला की जवळपास निम्मं निकोटिन सुटं होतं, आणि सुटं झालेलं झपाट्याने रक्तात उतरतं. सुपारीच्या कडा गाल खरवडत असतातच.

सिगारेटचं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचतं. खर्रा सावकाश चढतो, पण गालात दाबून ठेवल्यामुळे रेंगाळतो. रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं; खिशातली पुडी दर दोन तासांनी बाहेर येते ती उगाच नाही. रात्रभरात बराच साठा सरतो, म्हणून सकाळचा खर्रा सगळ्यात गोड लागतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो लागतच असेल, तर व्यसन घट्ट बसलंय असं समजा.

आणि खर्ऱ्यात हे एकच व्यसन नाही. सुपारीत अरेकोलिन असतं, तेही मेंदूला चेतवतं. "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" असं सांगणारा माणूस अर्धाच सुटलेला असतो. तोंड आखडण्याचं, म्हणजे ते पूर्ण न उघडण्याचं, मूळ सुपारीत आहे, तंबाखूत नव्हे. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला. ठेल्यावरचं घोटणं चालूच राहिलं.

[पुडी कचऱ्यात पडते.]

सोडल्यावर काही तासांतच चिडचिड सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड. झोप मोडते, लक्ष लागत नाही आणि पोट साफ होत नाही. काही जण परततात ते या शेवटच्या कारणाने, फक्त ते कॅमेऱ्यासमोर कोणी बोलत नाही. निकोटिन आतड्यांना ढकलत असतं, ते थांबलं की बद्धकोष्ठ होतो. पाणी, भाज्या, रात्री इसबगोल. आतडी सावरायला काही आठवडेही लागू शकतात. बाकीचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तल्लफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते.

[निकोटिनची गोळी हातात.]

खर्रा सोडताना तल्लफ भागवायला ही च्युइंगमसारखी गोळी 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये मिळते. सकाळी अर्ध्या तासात खर्रा लागणाऱ्यांना सहसा 4 ची देतात. चूक होते ती चावण्यात. खर्ऱ्यासारखी कचाकच चावली की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो, "गोळी सूट नाही झाली." हळू चावा, जीभ चुरचुरली की थांबा आणि गोळी गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. खर्रा खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. चुरचुर गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. गोळीच्या आधी पाव तास आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. आम्लात निकोटिन पुन्हा बांधलं जातं. तोंड पुरेसं उघडतच नसेल तर डॉक्टर कातडीवर लावायची पट्टी सुचवू शकतात.

[आरशासमोर तीन बोटं.]

स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात घालून बघा. दोनच जात असतील तर शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी करून घ्या. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं आणि त्यातून कर्करोगही होऊ शकतो. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन: 1800-11-2356. फोन मोफत आहे.