पातेरा राहू द्या : कोकणच्या परसातील हिवाळी पक्षी

कोकणातला हिवाळा पहाटेपुरता असतो. ऊन माडाच्या शेंड्यांवरून अंगणात उतरले, गवतावरचे दंव वाळले, की अंगावरची शाल बाजूला ठेवावीशी वाटते. येथे बर्फ पडत नाही, जमीन गोठत नाही आणि त्यामुळे पाखरांची उपासमारही होत नाही. थंड मुलखांत घराबाहेर दाण्यांची भांडी टांगून पक्ष्यांना हिवाळाभर जगवतात. आपल्या परसात त्याची फारशी गरज नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत घराभोवती पक्षी येतात ते किडे, फुलांतला मध, पिकलेली फळे, पाणी आणि लपायला आडोसा यांच्या ओढीने.

पोफळीच्या आगरातून वाहणारा हा पाट पाहा. पाण्याच्या कडेने शेपटी सतत खालीवर हलवत चालणारा, पोटाखाली पिवळसर असलेला हा पक्षी म्हणजे करडा धोबी. त्याची वीण हिमालयात आणि त्याही पलीकडच्या उत्तरेकडील प्रदेशांत होते. पावसाळा सरता सरता तो खाली उतरतो आणि मग विहिरीचा काठ, पाटाची कड, न्हाणीचे सांडपाणी जेथे जाते ते अळवाचे आळे, असा ओलावा धरून उन्हाळा लागेपर्यंत राहतो. गडग्यालगतच्या अडुळशातून थांबून थांबून ‘चक्, चक्’ असा आवाज येतो, तो ब्लिथच्या वटवट्याचा. चिमणीहून लहान आणि मातकट रंगाचा हा पक्षी पूर्व युरोपापासून सायबेरियापर्यंतच्या प्रदेशातून आपल्या कुंपणात येतो, आणि तरीही घरातल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेले नसते, कारण तो दाट झुडपाबाहेर क्वचितच पडतो. कुंपण तासून साफ केले, त्याजागी जाळी ठोकली, की त्याचा मुक्कामच संपतो.

परसातली सर्वांत मोलाची, आणि आपण सर्वांत आधी फेकून देतो ती वस्तू म्हणजे पातेरा. फणसाखाली साचलेल्या पानांच्या थरात गांडुळे, वाळवी, कोळी आणि नाना प्रकारचे किडे राहतात. नारंगी डोक्याचा कस्तुर तेथे उतरतो तेव्हा तो चोचीने एक पान उचलून बाजूला भिरकावतो, मान तिरकी करून क्षणभर निश्चल होतो, मग चटकन चोच खुपसतो आणि पुन्हा पुढचे पान उलटतो. दयाळ आणि सातभाईही याच थरावर पोट भरतात. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पातेरा गोळा करणे हे शेतीचे काम आहे आणि ते चालणारच. परंतु परसातला प्रत्येक कोपरा रोज झाडून पेटवून देण्याचे काहीच कारण नाही. फणसाखालचा एखादा पट्टा शिमग्यापर्यंत तसाच राहू दिला, तरी फरक डोळ्यांना दिसतो.

आंब्यावरच्या बांडगुळाविषयी बागायतदारांची तक्रार रास्त आहे, कारण ते फांदीचा रस शोषून तिला दुबळी करते. तरीही एखाद्या जुन्या, उत्पन्न न देणाऱ्या रायवळावर बांडगूळ असेल तर तेथे दुर्बीण जरूर लावावी. त्याची मिटलेली लांबट कळी सूर्यपक्ष्याने किंवा फुलटोच्याने चोचीत दाबली की ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या डोक्यावर उडतात. पुढे फळे पिकली की जेमतेम 8 सेंटीमीटर लांबीचा हा फुलटोच्या ती गिळतो, आणि त्याच्या विष्ठेतून पडणारे चिकट बी दुसऱ्या फांदीला जाऊन चिकटते. कोकणातील या साखळीवर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी 1931 साली निबंध प्रसिद्ध केला होता. किहीम येथे त्यांनी केलेला सुगरणीचा अभ्यास अनेकांना ठाऊक असतो. मात्र आपल्याच आंब्यावर रोज घडणारी ही गोष्टही त्यांनी तितक्याच बारकाईने टिपली आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

पौष-माघात वहाळ आटू लागतात आणि मग पाण्याला खरी किंमत येते. त्यासाठी मातीचा उथळ परळ पुरतो. पाणी दोन बोटांहून खोल नसावे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, आणि पाणी रोज बदलून परळ घासावा. तसे न केल्यास डास होतात आणि आजारही पसरतात. परळ झुडपापासून दोन-तीन पावले दूर ठेवावा, म्हणजे पक्ष्यांना झटकन आडोसा गाठता येतो आणि दबा धरून बसलेल्या बोक्याला थेट झेप घेता येत नाही. दुपारी बुलबुल आंघोळीला उतरतात, तेव्हा अर्धे पाणी बाहेर सांडते.

तांदळाची कणी मूठभर टाकली तर चिमण्या आणि मुनिया येतील, पण तेलकट, खारट पदार्थ मुळीच घालू नयेत. त्यापेक्षा झाडावरची एखादी पपई पिकू द्यावी आणि केळफूल लगेच भाजीसाठी उतरवू नये. त्यातल्या मधासाठी सूर्यपक्षी दिवसभर फेऱ्या मारतो. शेवग्याची वाळकी फांदीही धोका नसेल तर ठेवावी, कारण तांबट अशाच फांदीत घरटे कोरतो.

पक्षी पाहण्यासाठी उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास उत्तम, आणि जागा म्हणाल तर आपली पडवी. आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी होते. वहीत तारीख, वेळ, पक्षी आणि तो काय करत होता एवढे लिहावे. पहिला धोबी कधी आला आणि शेवटचा कधी दिसला, ही नोंद वर्षानुवर्षे ठेवली तर तिचे मोल वाढत जाते. 1998 साली उत्तर अमेरिकेत सुरू झालेली परसातील पक्ष्यांची गणना 2013 पासून भारतासह जगभर होते. फेब्रुवारीतील चार दिवसांत कोणीही किमान 15 मिनिटे एका जागी बसून दिसलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवू शकतो, आणि पडवीतून केलेली यादीही त्यात तितकीच ग्राह्य धरली जाते.