आखाड्यावरून व्हर्लपूल

स्क्रीनच्या मधोमध हा जो राखाडी डाग दिसतोय ना, काचेला बोट लागल्यासारखा, ती एम 51 आहे, व्हर्लपूल दीर्घिका, साधारण 3 कोटी प्रकाशवर्षं लांब. तिचा मी काढलेला पहिला फोटो. एप्रिलची अमावस्या, रात्रीचे साडेअकरा, आणि जागा म्हणजे आमचा आखाडा, शेतातला गोठा-वस्ती, औंढा नागनाथच्या थोडं अलीकडं, हिंगोली जिल्हा.

आपल्याकडं सगळ्याच गॅलेक्सीला लोक आकाशगंगा म्हणतात, पण आकाशगंगा एकच, आपण जिच्यात राहतो ती. बाकी सगळ्या दीर्घिका. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, आणि आमच्या ह्या बारवांच्या मुलखात हा शब्द मला लई जवळचा वाटतो.

तर टेलिस्कोप 6 इंची, न्यूटोनियन म्हणजे आरशाचा, फोकल लेंथ 750 मिलिमीटर, मागं जुना डीएसएलआर. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, चंद्र एकदम लख्ख दिसायचा, पण कॅमेरा लावला की फोकसच येईना, फोकसर, म्हणजे कॅमेरा आत-बाहेर करायची नळी, पार आतपर्यंत फिरवला तरी तारा म्हणजे गोल थाळीच. दोन रात्री ह्यातच गेल्या. नंतर कळलं की बऱ्याच न्यूटोनियनमधे हे होतं, कॅमेऱ्याचा सेन्सर बॉडीच्या आत खोल असतो आणि आरशाचा फोकस तिथपर्यंत पोचतच नाही. मग हिंगोलीत लांब बोल्ट शोधले आणि मुख्य आरसा नळीत जवळपास 3 सेंटीमीटर पुढं सरकवला, तेव्हा कुठं पहिला तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला. नवीन माणसानं टेलिस्कोप घ्यायच्या आधी हे एक विचारूनच घ्यावं, कॅमेऱ्याला फोकस येतो का म्हणून.

आता खरी अडचण. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकलेलो असतो, पण 750 मिलिमीटरवर ते डोळ्यानं दिसतं. आकाश तासाला 15 अंश सरकतं, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात व्हर्लपूलजवळचा तारा एका सेकंदात आठ-दहा पिक्सेल पुढं गेलेला असतो, आणि फोटोला तर 30 सेकंद पाहिजेत. म्हणून टेलिस्कोप बसवायला इक्वेटोरियल माउंट लागतो, ज्याचा एक आस ध्रुवाकडं रोखायचा आणि मोटर पृथ्वीच्या उलट्या दिशेनं सावकाश फिरवत राहते. पण पुस्तिकेतली चित्रं युरोप-अमेरिकेची, तिथं ध्रुवतारा 40-50 अंश वर, आपल्याकडं तो क्षितिजापासून जेमतेम 19-20 अंशावर. म्हणजे कडुलिंबाच्या शेंड्यामागं, वरून उन्हाळ्याच्या धुळीत. आणि माउंट एवढा खाली वाकवला की टेलिस्कोपचा तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला धडकतो, हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. ट्रायपॉड फिरवून दांडा दोन पायांच्या मधल्या फटीत येईल असा उभा केला तेव्हा जमलं. शिवाय ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुव नाही, तो अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्तच बाजूला आहे, तेवढा फरक धरून आस लावावा लागतो, नाहीतर तारे लांबट येतात.

चुलते पाणी द्यायला आलते, रात्रीची लाइट होती ना मोटारीला. म्हणाले, "यवढ्या रातीचं काय बघायलास?" मी म्हणलं, सप्तर्षी दाखवतो. वसिष्ठ-अरुंधती त्यांना माहीतच होते, शेपटीच्या टोकाचा मरीची दाखवला, आणि त्याच्या थोडं खाली-बाजूला श्यामशबल तारकासमूहात ही दीर्घिका. आयपीसमधून त्यांना काहीच दिसलं नाही. दिसत नाहीच सहज, पुसटसा धूर दिसतो, आणि रंग तर डोळ्याला अजिबात दिसत नाही.

दीर्घिकांचा खरा सीझन मार्च ते मे, सिंह, कन्या, सप्तर्षी वर असतात तेव्हा, आणि तोच आपला कडक उन्हाळा. दिवसभर पत्र्याखाली तापलेली नळी बाहेर काढली की आरसा थंड व्हायला तास-दीड तास जातो, तोवर तारे उकळत्या पाण्यात असल्यासारखे हलतात. सेन्सरही गरम, फोटोभर लाल-निळे ठिपके. त्यासाठी झाकण लावून त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाचे काळे फोटो काढायचे, डार्क फ्रेम म्हणतात, सॉफ्टवेअर ते ठिपके वजा करतं. हिवाळ्यात हे नाही, पण मग दहिवर. देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिका, तिच्या वेळी डिसेंबरात मधला छोटा आरसा कधी ओला झाला कळलंच नाही. आणि देवयानी तरी कुठं मावते, आभाळात ती 3 अंश पसरलेली, सहा चंद्र शेजारी ठेवल्यासारखी, माझ्या फ्रेममधे दीडेक अंश येतो. उलट व्हर्लपूल चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की फोटो हलतो. आमच्या औंढ्याजवळच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय, 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 मधे केंद्रानं मंजुरी दिली. गावात सगळे त्याला दुर्बीणच समजतात, पण ते फोटो काढणार नाही, गुरुत्वीय लहरींनी अवकाश किती ताणलं जातं ते मोजणार, आणि त्यासाठी जमीन शांत पाहिजे. ह्या शांततेची किंमत मला ट्रायपॉडपाशी बसून कळली.

तर त्या रात्री 30-30 सेकंदाचे 160 फोटो काढले. वारा, ट्रॅक्टर, मोटरचा धक्का, असे 40 टाकून दिले, उरले 120, म्हणजे एक तासाचा उजेड. एकेका फोटोत नुसता डागच आहे. पण 9 फोटो एकावर एक रचले की उजेडाच्या मानानं दाणेदारपणा तिसरा हिस्सा राहतो, 100 रचले की दहावा. सिरिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे करतं. लॅपटॉप जुना, रात्रभर चालला.

आणि हे बघा. दीर्घिकेचे दोन हात, गोल वळलेले, आणि एका हाताच्या टोकाला चिकटल्यासारखी शेजारीण, एनजीसी 5195 नावाची छोटी दीर्घिका. हेच वळण 1845 मधे आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी 6 फुटी आरशातून नुसत्या डोळ्यानं पाहून कागदावर काढलं होतं. मला कडुलिंबाखाली एका तासाच्या उजेडात मिळालं, हात थरथरत होते माझे.

चुलत्यांना मोबाइलवर दाखवलं. लई वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ती बारकी वाली तिच्यात जायलीय का?" म्हणलं, ओढाताण चाललीय दोघींची, कोट्यवधी वर्षांपासून.

मे महिन्याच्या अमावस्येला अजून 200 फोटो घ्यायचेत, दीर्घिकेचे हात बाहेरून अजून दाणेदार आहेत. मग पाऊस, आणि ऑक्टोबरात आभाळ उघडेपर्यंत व्हर्लपूल अंधार पडतानाच खाली टेकलेली असते. आखाड्यावरचा मोठा एलईडी आता अमावस्येला चुलतेच बंद करतात, पाणी द्यायला बॅटरीवर जातात, तिला लाल कागद चिकटवून.