भट्टीतली करंजी

(भिलार. सकाळ. स्ट्रॉबेरीचं शेत.)

पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातलं भिलार. जानेवारीतली सकाळ. गादीवाफ्यावर काळा मल्चिंग पेपर, म्हणजे मातीवर अंथरलेलं प्लास्टिक, आणि त्यावर टेकलेली लाल फळं. देठ नखानं खुडायचा. फळ ओढलं की डागलंच. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं फळ काही टणक होत नाही. झाडावर पुरतं पिकलेलं, सगळ्यात गोड फळ मुंबईपर्यंतचा प्रवास सोसत नाही. ते असं बाजूच्या घमेल्यात पडतं.

(स्वयंपाकघर. तेच घमेलं, ओट्यावर.)

या फळाची करंजी, तळायची नाही, ओव्हनमध्ये भाजायची. पाव किलो मैदा, मीठ, गार पाणी. शेजारी 200 ग्रॅम बटर, लाटण्यानं बडवून केलेली चौकोनी वडी. ती पिठात गुंडाळायची, लांबट लाटायचं, तिहेरी घडी घालायची. पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. दुसऱ्या घडीला 9 पदर, चौथीला 81, सहावीला 729. काकू चौथीला थांबतात.

साट्याच्या करंजीला सरावलेले हात हे. तिथे पोळ्यांमध्ये तूप आणि पिठीचा साटा, इथे बटर. आपली खारीसुद्धा अशाच घड्यांची. फक्त बेकरीत बटरच्या जागी बहुधा वनस्पती तूप नाहीतर मार्गारिन असतं. खाल्ल्यावर टाळूला चिकटून राहतं, ते तेच. दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास गारठ्यात. फ्रिज आहे, पण या दिवसांत खिडकीची कडही चालते.

(कढई, जवळून.)

साखर पडली आणि फळानं पाणी सोडलं. ते आटायलाच हवं, नाहीतर तळाचा गिच्च गोळा होतो. आधी फेसाळ, भराभर फुटणारे बुडबुडे. मग जड, सावकाश फुटणारे. लिंबू पिळलं, पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर गेलं. झाऱ्यावरून थेंब ओघळेनासा झाला, गॅस बंद.

सूनबाई: “आई, आता भरू?”

काकू: “बोट लावून बघ. कोमट असेल तर थांब गं, बटर पळेल.”

चौकोन कापले. प्रत्येकात चमचाभरच सारण. कड ओली करून त्रिकोणी दुमड. मुरड घालायला बोटं शिवशिवतात, पण घालायची नाही; कडेचे पदर चिमटले की उघडत नाहीत. बोट कडेच्या जरा आत दाबायचं. एकीला सूनबाईंनी मुरड घातलीच.

(ओव्हनची काच.)

200 अंश. पहिली सात-आठ मिनिटं काहीच नाही. मग पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, एकेक पापुद्रा वर उचलते. वरच्या चिरेतून रस डोकावतो, कडेला काळपट लाल होतो.

घमेल्यातलं उरलेलं फळ जॅम-सिरपसाठी जातं, कमी भावात.

पंचवीस मिनिटं. ट्रे बाहेर. मुरडीची ती डावीकडून दुसरी: पोट टम्म, कड चपटी. सूनबाई तीच उचलतात.

(करंजी मोडल्याचा आवाज. निवेदन नाही.)