दगडाचं बूड बघितलंत का?

नमस्कार श्रोतेहो. फिरायला गेल्यावर एखादा देखणा दगड सापडतो आणि वाटतं, आपल्या माशांच्या टाकीत हा काय शोभेल! शोभेल की. पण आधी झडती घ्यायची.

ताठ ब्रशने घासा, साबण मात्र लावू नका. तो छिद्रांत मुरतो. तांबूस गंज, हिरवट पुटं किंवा धातूची चमक दिसली, तर तो दगड बागेत ठेवा. आणि उकळू नका, भाजू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो, कपच्या उडतात. पुन्हा सांगतो, दगड उकळायचा नाही. बादलीत आठवडाभर भिजवायचा, पाणी बदलत राहायचं.

आता व्हिनेगर. दगडावर टाकल्यावर बुडबुडे आले, तर त्यात चुनखडी आहे असं समजायचं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

माझ्या एका मित्राकडे निऑन टेट्रा मासे आहेत. त्यांना मृदू, म्हणजे कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. गड्याने एक काळाभोर दगड आणला, वर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले नाहीत. पास! पुढे पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा चढला की आम्लता घटते), ६.८ वरून हळूहळू ७.८ वर चढला. ह्याने फिल्टरचा स्पंज बदलला, नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या.

शेवटी त्याची आई म्हणाली, "टाकीत नवीन काय आलंय? दगडच ना? काढ बाहेर."

"आई, त्याची टेस्ट झालीय."

"वरून झालीय. बूड बघितलंस?"

उलटा केला, तर बुडाला चिखलाच्या पापुद्र्याखाली बोटभर रुंद पांढरी शीर. माउलीने ती खिळ्याने खरवडली, वर व्हिनेगर ओतलं आणि दगड लेकाच्या कानाशी धरला. "ऐक." आतून बारीक सर्रर्र! ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज. पाण्यात थोडंथोडं विरघळतं, क्षार वाढून पाणी जड होतं, पीएच चढतो.

  

दगड वाया गेला नाही. मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना जड पाणीच लागतं. तसे मासे पाळणाऱ्या एकाने तो आनंदाने नेला.

तेव्हा व्हिनेगर चहूबाजूंनी, पांढऱ्या शिरांवर तर नक्कीच, आणि तेही खरवडून. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनंतर दगड भरपूर पाण्याने धुवा.

टाकीत मांडताना जड दगड आधी, थेट तळावर, खाली पातळ फोम घालून. वाळू त्यानंतर. वाळूवर ठेवलात तर मासे खालून उकरतात, दगड कलंडतो आणि काच जाते.