शेजारच्या बोटाची कातडी

नमस्कार श्रोतेहो.

लालबागहून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या. लहानपणी हात चुलीत गेला, तेव्हापासून उजव्या हाताचं मधलं बोट तळव्याकडे वाकलेलं. "तोंड धुताना बोट डोळ्यात जातं हो डॉक्टर," एवढंच म्हणाल्या.

शीर आखडली, असं लोक म्हणतात. भाजलेल्या बोटात बहुधा आखडलेली असते ती कातडी. जखम भरताना व्रण आक्रसतो आणि बोटाला ओढून घेतो. मुलाचं हाड वाढतं, व्रण तितका वाढत नाही. असं जुनं बोट कृपा करून जोर लावून ताणू नका.

बाईंचा व्रण सोडवला, तर आतली कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, उघडी पडली. तिच्यावर मांडीची पातळ कातडी लावून भागत नाही, ती धरत नाही, कारण खालून रक्त मिळत नाही. म्हणून शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी एका कडेला जोडलेली ठेवली, वहीचं पान उलटावं तशी उलटली आणि मधल्या बोटावर शिवली. हा फ्लॅप. तो आपलं रक्त सोबत घेऊन येतो. मांडीची पातळ कातडी लावली ती शेजारच्या बोटाच्या पाठीवर.

मग रक्त थांबवायला दंडावर बांधलेला पट्टा सोडला. बोटाचं टोक पांढरंच! इतक्या वर्षांत रक्तवाहिन्याही आखूड झालेल्या, ताणलं की रक्त थांबतं. बोट किंचित वाकवलं, थांबलो. हळूहळू टोक गुलाबी झालं. बोट तेवढंच वाकलेलं राहावं म्हणून तार घातली. पूर्ण सरळ करण्याच्या हट्टापायी बोट गमवायचं नसतं.

3 आठवडे दोन्ही बोटं जोडलेली. या काळात मशेरी-तंबाखू पूर्ण बंद, त्याने रक्तवाहिन्या आवळतात. मग बोटं सुटी केली, आणि खरं काम तिथून सुरू झालं: रोजचा व्यायाम आणि कित्येक महिने रात्री स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरणारी पट्टी. इथेच माणसं कंटाळतात, बोट पुन्हा वाकतं. फार जीव तुटतो तेव्हा.

आणि घरात कुणी भाजलं, तर आधी अंगठी-बांगड्या काढा, 20 मिनिटं नळाखाली हात धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका. जखम 3 आठवड्यांत भरली नाही, तर प्लास्टिक सर्जनला दाखवाच.

त्या बाई परवा तपासणीला आल्या. बोट अजून जरासं वाकडं आहे. स्प्लिंटचा वेल्क्रो पार झिजला होता. "नवा लावून द्या," म्हणाल्या.