कूलर, प्रकृती आणि विकार

दृश्य : नागपूर, महालातली गल्ली. खिडकीत पत्र्याचा कूलर.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. बाहेर 44 अंश, हवेत आर्द्रता जेमतेम 15 टक्के. या खिडकीतून आत येणारी हवा मात्र 28 अंशांच्या आसपास. पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांतल्या वाळ्यावरून ओघळतं, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या वाळ्यातून आत ओढतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, आणि पाणी ती हवेतूनच घेतं. माठ हेच करतो. कपाळावरचा घामही.

मग घाम नैसर्गिक आणि कूलर कृत्रिम कसा?

ॲरिस्टॉटलची कसोटी अशी : ज्याच्या हालचालीचा उगम त्याच्या आतच आहे, ते निसर्गातलं. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि त्याला कोंब फुटलाच, तर लाकूड उगवेल, पलंग नाही. हे उदाहरण त्याने अँटिफॉन या ग्रीक विचारवंताकडून घेतलं.

दृश्य : ताटी जवळून. पांढरे थर, कोरडे पट्टे.

वाळा म्हणजे गवताची मुळं. जमिनीत होती तोवर आपणहून वाढत होती. ताटीत नुसती झिजतात. बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांचा थर काड्यांवर बसतो, धार बाजूने वळते, कोरडे पट्टे पडतात आणि तिथून गरम हवा सरळ आत घुसते. कातडी खरचटली तर भरून येते. ताटी बदलावी लागते.

सांख्य या भारतीय दर्शनाचं म्हणणं वेगळं. तिळात तेल असतं तसं कार्य कारणात आधीच असतं. मडकं मातीत, पत्रा खनिजात. सगळा पसारा मूळ प्रकृतीचाच, आणि तिच्यातून निघालेले ते विकार. (मराठीत आपण प्रकृती म्हणजे तब्येत आणि विकार म्हणजे आजार करून बसलो, तो भाग निराळा.) नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांना, हे पटत नाही : मडकं नवं घडतं, मातीच्या गोळ्यात पाणी भरता येत नाही. इथे आमचा कौल नैयायिकांना. सगळंच प्रकृती म्हटलं, तर ताटी का बिघडली हे कळायला काही मदत होत नाही.

दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती ही जागा. बौद्ध परंपरेत भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग हाच हिशेब तो माणसालाही लावतो. झाड, माणूस, रथ, सगळे संखार, म्हणजे जुळून बनलेल्या गोष्टी, कारणं जुळली तोवर टिकणाऱ्या. नैसर्गिक की कृत्रिम, हा भेदच इथे मागे पडतो.

कूलरवर हे तंतोतंत बसतं. मे महिन्यातच समोरची खिडकी बंद करा : ओली हवा खोलीत कोंडते, अंग चिकचिकतं. जुलैत आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली की पंप तोच, ताट्या त्याच, पण पाण्याची वाफ फारशी होत नाही. गारवा पत्र्याच्या पेटीत नव्हताच. निम्मा कोरड्या हवेत होता.

दृश्य : बंद कूलर. टाकीत साचलेलं पाणी.

आता या टाकीत आपणहून वाढणारी एकच गोष्ट आहे : डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी. ॲरिस्टॉटलच्या कसोटीला पुरेपूर उतरणारी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात. तिथे काथ्याने घासावंच लागतं.